हिरवं दिसलं की उपटायचं

"मीठ टाकलंस कं रं त्यान?"

"चिमूटभर."

"तुजी चिमूट म्हंजे माजी परडी. खरं सांग."

"मूठभर गो. पन बारकी मूठ."

ठमाबाईनं निवट्या, खाडीच्या चिखलातले मासे, कापायचे थांबवले आणि विळीवरून मान वर करून नवऱ्याकडं पाहिलं. "गोड्या पान्यातली झाडां ती. मूठभर मीठ घातल्यावर त्यांचा लोनचाच व्हनार. मंग सडली सडली म्हून बोंबलतस कसाला?"

काळुराम ओट्यावरून उठला, अंगणात गेला, तुळशीकडची बादली उचलून चुलीकडं ठेवली, मग तीच उचलून परत तुळशीकडं नेली. आत आला. टेकला. पुन्हा उठला.

"बस कनी एका जागी! व्यायला झालेली मांजर बी एवढी फिरत नाय."

"मी बसलो तं टाकी गेली. आन टाकी गेली तं मी जल्मभर बसलो. कल्ला कं?"

हे मात्र ठमाबाईला कळलं. तिनं पुढची निवटी उचलली आणि खच्चकन मुंडकं उडवलं.

टाकी म्हणजे माशांची. रोह्याला दातांच्या दवाखान्यात, पेशंट बसतात त्या खोलीत, भिंतीला लावून ठेवलेली काचेची पेटी. आणि काळुराम म्हणजे ती पेटी सांभाळणारा माणूस. पण हा काही जन्माचा काच पुसणारा नव्हे. जिते स्टेशनच्या अंगाला, खाडीकडच्या गावातला हा गडी. मिसरूड फुटलं तेव्हापासून मिठागरात उभा. आगरातल्या माणसाची पावलं बघून ओळखावी, टाचा अशा फाटलेल्या की त्यात रुपया उभा राहील. डोळे कायम बारीक केलेले, कारण पांढऱ्या मिठावरचं ऊन वरून आणि खालून दोन्हीकडून मारतं.

मीठ पिकवतात म्हणतात, पण काळुरामला विचारलं तर तो सांगेल की मीठ पिकत नाही, पाणी मरतं. उधाणाला खाडीचं पाणी आत घ्यायचं, या खाचरातून त्या खाचरात फिरवायचं, उन्हानं आटवत आटवत न्यायचं. शेवटच्या खाचरात त्याचा जीव गेला की खाली मीठ धरतं. मग काम सुरू. लांब दांड्याला लाकडी फळी ठोकलेली, ती घेऊन रोज तळ ओढायचा. एक दिवस ओढला नाही तर मीठ दगडासारखं बसतं. आणि तळावर कुठं शेवाळाचा हिरवा ठिपका दिसला तर तो आधी खरवडायचा, कारण हिरवं आलं की तळ नासतो आणि मीठ काळं निघतं. बापानं त्याला दोनच गोष्टी शिकवल्या होत्या. हात थांबवायचा नाही आणि हिरवं दिसलं की उपटायचं.

मग आगर बंद पडलं. बाहेरचा बांध फुटला, मालकानं तो बांधला नाही, खाडी आत आली आणि आपल्या घरात यावी तशी बसली. आज तिथं तिवरांचं रान आहे. ज्या खाचरांतून काळुरामनं हयातभर हिरवं उपटलं, तिथं आता बगळे घरटी करतात. आगरातली बाकीची माणसं देवळाच्या पारावर जाऊन बसली आणि गुडघे चोळत जुन्या उधाणांच्या गोष्टी सांगू लागली. काळुरामला ते जमेना. तो एक पावसाळा घरी राहिला आणि तेवढ्यात त्यानं शेजारच्या जगनचं चांगलं दार बिजागरीतून काढून रंधलं. नंतर ते चौकटीत बसेना. ठमाबाईच्या चुलीची जागा दोनदा बदलली. शेवटी तिनंच गावची लेक सीताबाई, जी रोह्याला दिली होती आणि दातांच्या दवाखान्यात झाडलोट करायची, तिला गळ घातली. "बाय, ह्याला कुठंतरी चिकटव गो. नायतर माजा घर खाईल ह्यो."

असा काळुराम दवाखान्यात चिकटला. जित्याला रोज सकाळी गाडीत चढायचा. जागा असली तरी बसायचा नाही. पेण गेलं, नागोठणं गेलं, हा आपला दारात दांडा धरून, एका पायावरून दुसऱ्या पायावर. काम सोपं होतं. पेशंटची नावं पुकारायची, घाबरलेल्या माणसाला दंडाला धरून आत न्यायचं, चूळ भरायला पाणी द्यायचं, आणि टाकी सांभाळायची. झाडलोट सीताबाईकडं. फोन उचलायला एक मुलगी. म्हणजे खरं बघितलं तर टाकी होती म्हणून काळुराम होता.

आणि टाकीतले मासे मरत होते.

टाकीत सगळे गप्पी. तळाला निळे खडे आणि मधोमध प्लॅस्टिकचं एक कमळ. पाणी धड राहायचं नाही, दोन दिवसांत वास मारायचं. पिल्लं व्हायची ती संध्याकाळपर्यंत मोठ्यांच्या पोटात, कारण लपायला जागाच नाही. आणि अक्कलदाढ धरून आलेल्या माणसाला समोर काचेत एखादा मासा पोट वर करून तरंगताना दिसला, की तो "जरा फोन करून येतो" म्हणून बाहेर जायचा तो परत यायचाच नाही.

डॉक्टरीणबाई स्वभावानं वाईट नव्हत्या, पण बोलायच्या ते मोजकं. त्यांनी काळुरामला बोलावून सांगितलं, "प्लॅस्टिक काढा. खरी झाडं लावा. पाणी चांगलं राहतं, पिल्लांना आडोसा मिळतो. लावा आणि मग हात लावू नका. शिमग्यापर्यंत बघते. नाहीच जमलं तर टाकी देऊन टाकू, इथं टीव्ही लावू. टीव्हीला कुणी सांभाळायला लागत नाही."

शेवटचं वाक्य काळुरामनं नीट ऐकलं. आधीचं, हात लावू नका म्हणाल्या होत्या, ते नाही ऐकलं.

बाजारात महमूदचं पाखरांचं नि माशांचं दुकान होतं. महमूद बारा वर्षं कुवेतला राहून आलेला, गल्ल्यावर बसून पोपटांशी अरबीत भांडायचा. त्यानं झाडं दिली. लांब फितीसारख्या पानांचं गवत, आणि एक जाड पानांचं, दगडाला दोऱ्यानं बांधलेलं. काळुरामनं ती लावली, मनापासून लावली, आणि दोन मासे मलूल दिसले म्हणून वर घरचं मीठ टाकलं. मिठानं सगळं बरं होतं यावर त्याचा भरवसा होता. घसा, जखम, माडाची कीड. त्याचं काय झालं ते ठमाबाईनं विळीवर बसूनच ओळखलं होतं.

दुसऱ्या दिवशी तो परत महमूदच्या दुकानात उभा.

"काय काळूभाई, माझ्या झाडांची भाजी केलीस काय?"

"थोडं मीठ जास्त झालं."

"चवीला?" महमूद एवढा हसला की पोपट ओरडायला लागले. मग त्यानं नवी झाडं कागदात गुंडाळली आणि गंभीर झाला. "नीट ऐक. सगळं पाणी बदल. मीठ नाय. दिवा दिवसभर जाळायचा नाय, पाणी हिरवं होतं. गवताचं मूळ खड्यात, बुडखा वर. दगडावरलं हाय ते दगडावरच राहू दे, पुरू नको. पहिली पानं सडतील, सडू दे. नवं मधनं येतं. मी कुवेतला हाटेलात भिंतीएवढी टाकी सांभाळली. तिला एकच खत घातलं. हात खिशात."

"माज्या खिशान तंबाकूची डबी हाय."

"दातांच्या दवाखान्यात?" महमूदनं कपाळाला हात लावला. "या अल्ला. जा बाबा तू."

काळुरामनं पाणी बदललं. मीठ टाकलं नाही. दिवा वेळेवर बंद केला. गवत लावलं, बुडखा वर ठेवला. एवढं सगळं त्यानं ऐकलं. पण हात खिशात, हे माणसाच्या कानातून जातं आणि हातापर्यंत पोचत नाही.

डॉक्टरीणबाईंनी टाकून दिलेल्या हत्यारांत तोंडात घालायच्या आरशाची एक दांडी होती. काळुरामनं तिच्या टोकाला प्लॅस्टिकची पट्टी दोऱ्यानं आवळली आणि एवढीशी फळी तयार केली. रोज सकाळी दवाखाना उघडला की सदऱ्याची बाही वर, हात पाण्यात, आणि निळ्या खड्यांचा तळ ओढायला सुरुवात. या कडेपासून त्या कडेपर्यंत, सरळ रेघेत. सीताबाई केरसुणीवर टेकून बघायची.

"दादा, मीठ कवा भरायचा?"

"तू तुजा केर बघ गो."

पहिली पानं सडली. महमूद म्हणालाच होता. मग बुडख्यांपाशी काहीतरी फुटायला लागलं. खड्यांतून पांढरट दोरे सरपटत निघायचे आणि दोऱ्याच्या टोकाला नखाएवढी हिरवी पाती उभी राहायची. लावलेलं झाड इथं, आणि ही बिनबोलावलेली पाती तिथं, मोकळ्या तळावर. काळुराम काचेवर वाकला. तण! त्यानं दोरा धरला, ओढला, उपटला, प्लॅस्टिकच्या मगात टाकला. दुसऱ्या दिवशी दुसरं. रोज थोडं हिरवं यायचं, रोज तो ते काढायचा, आणि तळ कसा लख्ख राहायचा. हाताला काम होतं. गाडीतून घरी जाताना नागोठण्यापर्यंत त्याला बरं वाटायचं. पुढं पुन्हा तोच विचार, कारण झाडं वाढत नव्हती. उलट खंगत चालली होती. जुनी पानं तपकिरी, नवी नाहीत. मासे अजून हवेसाठी वर येऊन तोंड उघडत होते.

शिमगा जवळ आला. आगर चालू असतं तर हे दिवस मीठ उठण्याचे. काळुरामला झोपेत पाय हलवायची सवय लागली. एक दिवस दुपारी टीव्हीवाला येऊन भिंतीचं माप घेऊन गेला. माप घेताना त्यानं टेपचं एक टोक काळुरामकडंच धरायला दिलं. काळुरामनं धरलं. पण एका पायावरून दुसऱ्या पायावर एवढा होत राहिला की टीव्हीवाला म्हणाला, "काका, ताठ धरा ना."

त्याच आठवड्यात ठमाबाईची दाढ ठणकली. लवंग झाली, मिश्री झाली, गाल पापडासारखा फुगला. शेवटी एका सकाळी डोक्यावरून पदर घेऊन, गालाला फडकं बांधून ती काळुरामबरोबर गाडीत बसली. ती बसली. तो उभाच.

दवाखाना नुकता उघडला होता. ठमाबाई बाकड्यावर टेकली. त्या टाकीच्या एवढ्या गोष्टी तिनं ऐकल्या होत्या, पण टाकी ती पहिल्यांदाच बघत होती. आणि तिच्यासमोर काळुरामनं बाही वर केली, ती फळी पाण्यात घातली, तळ ओढला, आणि मग दोन बोटांनी एक पांढरा दोरा धरून त्याच्या टोकाचं कोवळं पातं खस्सकन उपटलं.

"आरं ए मुडद्या!"

दाढ ठणकणारी बाई एवढ्या मोठ्यानं ओरडू शकते हे फोनवरच्या मुलीला माहीत नव्हतं. तिच्या हातातून पेन पडलं.

ठमाबाई उठून टाकीपाशी आली. मगात हात घालून तिनं ओला घोळका बाहेर काढला आणि पंज्यावर पसरला. एकेका पातीला खाली केसासारखी पांढरी मुळं. "ह्यो काय? ह्या पोरी हाईत त्याच्या! आयनं दोरा टाकून पोर लावली, आन तू पोरी उपटतस? कवापासून चाललाय ह्यो?"

"तन हाय तो. मोकल्या तलावर आला—"

"तन तुज्या आगरान! तुला हिरवा म्हंजे सगला तनच दिसतो. पन तुजी चूक नाय," ती गाल धरून म्हणाली, "तू कधी भाताची लावनी केलीस? लावनीला आमी बायका. तू बांधावर उभा राहून विडी फुकायचास. रोप लावला की पयला पिवला पडतो, बघितलायस? मेला वाटतो. मंग कोन जातो त्याला उपटून मूल धरला कं बघायला? खाचरान पाय बी टाकत नाय आमी. पानी ठेवायचा आन घराला यायचा."

काळुराम उभा. हातातून पाणी गळत होतं. बाकड्यावर तोवर दोन पेशंट येऊन बसले होते. त्यातल्या एकानं स्वतःची दाढ विसरून विचारलं, "मग आता काय करायचं, मावशी?"

 ठमाबाईनं पदर खोचला, बांगड्या कोपराकडं सरकवल्या आणि हात पाण्यात घातला. मगातल्या पोरी एकेक करून अंगठा आणि दोन बोटांच्या चिमटीत धरल्या आणि खड्यांत टोचल्या. टोच, सोड, टोच, सोड. मधलं अंतर न बघता सारखं पडत होतं. वाकून वाकून पाठीत जी चाल बसलेली असते, ती या काचेच्या पेटीतही तशीच आली. ज्या सुकून गेल्या होत्या त्या तिनं बाजूला टाकल्या. जगणाऱ्या थोड्याच निघाल्या.

"आता ह्याला," तिनं ओला हात नवऱ्याच्या छातीसमोर नाचवला, "हात लावशील तं बघ."

आतून डॉक्टरीणबाईंची हाक आली. "पुढचा कोण?"

काळुरामनं सवयीनं पुकारलं, "ठमाबाई काळुराम!" आणि बायकोला दंडाला धरून आत नेलं. तिनं दंड सोडवून घेतला.

दाढ काढून ती बाहेर आली तेव्हा तोंडात कापसाचा बोळा होता आणि मिश्री बंद करण्याचा हुकूम मिळाला होता. बोलता येत नव्हतं. गाडीला वेळ होता तेवढा वेळ ती टाकीसमोर बसून राहिली, आणि काळुराम जवळून गेला की नुसते डोळे वटारायची. जाताना तिनं ती आरशाच्या दांडीची फळी उचलली आणि पिशवीत टाकली.

मग सुरू झाले ते दिवस काळुरामच्या आयुष्यातले सगळ्यांत वाईट. आगर बंद पडलं तेव्हाही एवढं झालं नव्हतं. समोर पाणी, पाण्यात तळ, तळावर घाण बसतेय हे दिसतंय, आणि हात मागं बांधलेले. त्यानं दवाखान्याच्या खिडक्या पुसल्या. पुसून झाल्यावर पुन्हा पुसल्या. बाकडं या भिंतीवरून त्या भिंतीला नेलं. पेशंटची नावं एवढ्या जोरात पुकारायला लागला की एक म्हातारा दचकून खुर्चीवरून घसरला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काळुराम, बसा हो जरा." तो बसला, आणि बसल्या बसल्या बाकड्याचा सैल झालेला खिळा नखानं उकरू लागला. दुपारी कुंडलिका नदीच्या पुलावर जाऊन यायचा. पाणी बघायचा, वाहतं पाणी, ज्याला कुणी हात लावायची गरज नाही, आणि तणतणत परत यायचा.

महमूद दुकानातून ओरडायचा, "काळूभाई, हात कुठाय?"

"मसनात!"

घरी पाऊल ठेवलं की ठमाबाई तेवढंच विचारायची. गाल उतरला होता, तोंड सुटलं होतं. "हात?"

"खिशान."

"डबी?"

"फेकली."

पुढं ती काही विचारायची नाही. फळी तिनं कुठं लपवली ते त्यानं शोधलं, सगळं घर शोधलं, मिळाली नाही.

शिमगा झाला. होळीची राख कपाळाला लावून काळुराम गाडीत चढला, तेव्हा त्याला ठाऊक होतं की आज टीव्हीवाला येणार. दारात उभा राहून त्यानं मनाशी ठरवून टाकलं होतं, टाकी कुणी नेली तर नेऊ दे, आपण जगनच्या दारापासून सुरुवात करू, ते अजून चौकटीत नीट बसत नाही.

टीव्हीवाला आला. खोका बाकड्यावर ठेवून त्यानं ड्रिल काढलं. डॉक्टरीणबाई तोंडावरचा मास्क खाली ओढून बाहेर आल्या. टाकीकडं त्यांनी बघितलंच नाही, भिंतीकडं बघितलं. काळुराम सतरंजी झटकायला लागला, ती आधीच झटकलेली होती.

लादी पुसता पुसता सीताबाई टाकीपाशी थांबली. फडकं हातात तसंच. "आगो बाई," ती म्हणाली, "ह्या गवतान डोलंच पोहताहेत."

"काय?"

"नुसते डोलं. बारीक. दोन दोन."

डॉक्टरीणबाई वाकल्या. काळुरामही वाकला, पण लांबून, हात पाठीमागं. कोपऱ्यात, जिथं ठमाबाईनं पोरी टोचल्या होत्या, तिथं आता पात्यांची दाटी होती. फार मोठी नव्हे, मुठीत मावेल एवढी. नव्या पोरींनी पुन्हा दोरे टाकले होते. आणि त्या दाटीत, पाती आणि पाती यांच्या फटीत, काचेसारखी आरपार पिल्लं. अंग दिसत नव्हतं, फक्त काळे टिपके दोन दोन. बाहेर मोठी मादी घिरट्या घालत होती. आत शिरायचा प्रयत्न करायची, पाती अडवायची, वळायची.

डॉक्टरीणबाई बराच वेळ वाकून राहिल्या. एक पिल्लू बाहेर आलं, मादीनं झडप घातली, ते परत आत. त्यांच्या तोंडून "हुश्श" निघालं, तेवढंच.

"मॅडम, भोक कुठं मारू?" टीव्हीवाल्यानं विचारलं.

"या भिंतीला ड्रिल लावू नका," त्या उभ्या राहत म्हणाल्या. "हादरतील." मग थोडा विचार करून, "माझ्या खोलीत लावा. खुर्चीसमोर. लोक तोंड उघडून बघतील तर बरंच."

टीव्हीवाला खोका उचलून आत गेला.  सीताबाईनं फडकं पिळलं आणि काळुरामकडं बघून नुसती भुवई उडवली.

तो टाकीसमोर उभा राहिला. तळाला घाण होती, कडेला, खड्यांच्या मधे, आणि दगडावरच्या झाडाचं एक जुनं पान पिवळं होऊन लोंबत होतं. त्याचा उजवा हात पाठीमागून सुटला. बाही कोपरापर्यंत वर गेलीसुद्धा.

"काळुराम! पुढचा!"

त्यानं बाही खाली ओढली. बाकड्यावर गालाला मफलर बांधलेला एक गडी दाराकडं सरकत होता, पळायच्या बेतात. काळुरामनं दोन ढांगांत जाऊन त्याचा दंड धरला.

"कुठं चाललास? चल, चल आत. टीवी बघायचा हाय ना?"